भिंतीतली निळी बाटली

— तांदळाचं पोतं खालून उसवलं की कसं होतं, तसा आवाज होता तो. बारीक. एवढा मोठा खड्डा, तर आवाजही मोठा असेल असं वाटतं ना ताई? नाही. नुसतं सुर्र — आणि ते थांबेचना. नऊ वर्षं झाली, पण इथल्या बकाल्यात, किराणा दुकानात, कुणी तांदूळ मापायला लागलं की मी अजून बाहेर येऊन उभा राहतो.

बसा. शिडी यायला वेळ आहे. तुमचे सुजीत साहेब शारजाला गेलेत खरे, पण शुक्रवारची नमाज सुटल्याशिवाय कुठलं दुकान उघडणार? खड्ड्यावरच्या पत्र्याची किल्ली? आहे ना, माझ्या खिशातच आहे. देतो. मालकानं तुम्हाला खाली उतरून बाटल्या काढायची परवानगी दिलीय, मी अडवणारा कोण — वॉचमन माणूस. पण तुम्हीच तो फोटो दाखवून विचारलंत, बाबा, या जुन्या संडासाच्या खड्ड्याला विटा अशा का लावल्यात, आणि मध्येच बाटल्यांची बुडं कशी दिसतात. तर ऐका. मला शिक्षण नाही, सावकाश सांगतो.

वाळूत खड्डा बांधायचा म्हणजे खालून वर बांधता येत नाही. वाळू थांबतच नाही ना. आधी लाकडाचं गोल कडं ठेवायचं, त्यावर विटांचा एक फेर, आणि मग आत बसून कड्याखालची वाळू काढत राहायची — कडं हळूहळू खाली बसतं, की वर दुसरा फेर. असं करत बारा फूट. सिमेंट लावायचं नाही, पाणी फटीतून वाळूत मुरलं पाहिजे. विटेनं विटेला धरायचं, बस्स. आणि एकदा हात घातला की थांबायचं नाही, थांबलं की सगळं तिरकं होतं. शहात्तर साल असेल. निम्मं झालं आणि विटा संपल्या. विटा इराणहून लाँचनं यायच्या, समुद्र खवळलेला, लाँच काही येईना. मग दौलत शेठ — हे घर त्यांचंच — म्हणाले, माझ्या बंद पडलेल्या सोड्याच्या कारखान्याच्या बाटल्या पडल्यात गोदामात, जाड काचेच्या, मुंबईच्या, घाल त्या. घातल्या. आडव्या, तोंड वाळूकडे, बुड आत, एकीवर एक, तीन फेर. चौथ्या दिवशी लाँच आली, मग वर पुन्हा विटा. दौलत शेठ वाकून बघायचे आणि हसायचे, म्हणायचे, मिस्त्री, तू तर माझ्या संडासाला रंगीत काचा लावल्यास.

हो. मीच बांधला तो. सांगायचं नव्हतं, निघालं तोंडातून.

ही तुमच्या मांडीवरची बाटली बघू जरा? मागच्या शुक्रवारी मिळाली म्हणालात. जमिनीवर पडली होती? नाही ताई, हिच्या गळ्याला चुना लागलाय. असा चुना मी फक्त तिथंच लावला होता, मागच्या बाजूनं, बाटली घरंगळू नये म्हणून. ही भिंतीतून ओढलीत तुम्ही. पत्र्याच्या फटीतून, पालथं पडून, सळीनं, हो ना? असू द्या, रागावत नाही मी. ही जिथं होती तिथं आता भोक आहे, वर सहा फूट विटा आहेत आणि मागं सगळी वाळू. एक बाजू तर आधीच बसलीय. उरलेली कशाच्या जोरावर उभी आहे, मला माहीत नाही. बांधणाऱ्याला माहीत नाही, कळतंय ना?

मुनीर आमच्या दापोलीकडचा. मला चाचा म्हणायचा, मी हिंदू असलो तरी. त्र्याण्णवमध्ये इथं गटाराची लाइन आली, खड्डा साफ करून बुजवायचा होता. टँकरनं पाणी ओढून नेलं, आठवडाभर खड्डा उघडा ठेवला, मग मुनीर तळ खरवडायला उतरला. मी वर चहा ओतत होतो. त्यानं खालून हाक मारली की बाटल्या काय चमकतात इथं. वरून कुणीतरी म्हणालं, काढ एखादी. असे पुष्कळ लोक असतात ना, बघायला जमलेले, कुणीही काहीही बोलतं —

नव्हतं कुणी.

दुपारचे दोन वाजले होते, ताई, जूनमधले. कोण उभं राहतंय उन्हात? आम्ही दोघंच. तो म्हणाला, चाचा, प्रमिलाला नेता का एक, मनी प्लँट लावायला? प्रमिला माझी लेक, तेव्हा नववीत. हिरवी काढू का निळी? आणि मी म्हणालो, निळी काढ. मी म्हणालो. माझ्या हातांनी एकीवर एक ठेवलेल्या, कुठली काढली तर काय होईल हे जगात मला एकट्याला माहीत होतं — आणि मी कप भरता भरता म्हणालो, निळी काढ. सतरा वर्षांत विसरलो होतो का? विसरलोही नव्हतो. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

मग तो तांदळाचा आवाज.

पोलिसांना सांगितलं, वाळू आपोआप सरकली. खड्डा बुजवायचा राहिला, वर नुसता पत्रा टाकला. त्याच्या आईला, नूरजहाँभाबींना, तेच पत्र लिहून घेतलं कुणाकडून तरी. सुट्टीला गेलो की त्या मला बोंबील बांधून देतात. म्हणतात, शेवटी तू जवळ होतास, तेवढंच माझ्या जिवाला बरं. मी घेतो ते बोंबील. इथं आणतो, खात नाही, टाकवतही नाहीत. मुलगी म्हणते, बाबा, आता खलास करा, घरी या. कसा येऊ? मी गेलो तर या पत्र्यापाशी कोण बसेल? मालकाच्या हातापाया पडून ही वॉचमनची नोकरी मागून घेतलीय मी.

तो हॉर्न... साहेबच आले वाटतं. शिडी बांधलेली दिसतेय टपावर.

ही घ्या किल्ली. इथं बाजेवर ठेवतो. अडवत नाही मी, मला अडवता आलं असतं तर... म्हातारा खोटं बोलतो म्हणा, नाहीतर शिव्या द्या. नूरजहाँभाबींना कळवते म्हणा, ते पण चालेल. पण उतरणार नाही एवढं —

ताई? पत्र्यावरून नका जाऊ, भिंतीच्या कडेनं जा गाडीकडे. हां, तसंच.

तुमची बाटली राहिली. ताई — किल्ली पण राहिली इथंच.