दत्तारामला न विचारता

नाव : राधाबाई बुधाजी घाडीगावकर. वय : अंदाजे ५८ वर्षे. धंदा : घरकाम व पाच नातवंडे सांभाळणे (हवालदारांनी प्रथम 'काही नाही' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले). राहणार : हेरंब चाळ, तिसरा माळा, खोली नंबर ४१, लालबाग, मुंबई १२. मूळ गाव मालवण तालुक्यात. तारीख २१ फेब्रुवारी १९५७, गुरुवार, सकाळी अकरा वाजता.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझा मुलगा दत्ताराम, वय ३३, सून कांता, वय २९, व त्यांची पाच मुले यांच्यासह राहते. दत्ताराम गिरणीत साचे खात्यात, मागावर आहे. कांता वाइंडिंगला, सूत गुंडाळायला आहे. दत्ताराम दारू पीत नाही, बायकोवर हात टाकत नाही आणि घरी राहत नाही. गेले वर्षभर पाळी सुटली की तो संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामाला जातो. मध्ये सत्याग्रहात महिनाभर तुरुंगात होता, तेवढे दिवस तो कुठे आहे हे आम्हाला नक्की माहीत असे.

दत्तारामने मंगळवारी या ठाण्यात येऊन तक्रार दिली आहे की, त्याच्या बायकोचा तीन महिन्यांचा गर्भ त्याला न विचारता पाडला आणि त्यात त्याच्या आईचा हात आहे. त्याबाबत मला बोलावणे आले. बोलावणे आले तेव्हा मी चप्पल घालून निघालेलीच होते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नळावर कांताने मला सांगितले की, तिला दिवस गेले आहेत. त्या वेळी तिची धाकटी मुलगी शांता दहा महिन्यांची होती व अंगावर पीत होती. शांताच्या बाळंतपणात कांता चाळीस दिवस अंथरुणाला होती. पुढचे इतक्यात होऊ देऊ नका असे डॉक्टरने दत्तारामला समोर उभे करून सांगितले होते. दत्तारामने मान हलवली होती. ते मी पाहिले आहे.

मी कांताला म्हटले, "दत्तूला सांग."

ती म्हणाली, "सांगते."

पहिल्या दिवशी तिने सांगायला तोंड उघडले तेव्हा समितीचे चार लोक आमच्याकडे जेवत होते. दुसऱ्या दिवशी तिने त्याला जिन्यात गाठले. तो म्हणाला, "सभेनंतर बोलू." सभेनंतर दुसरी सभा होती. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तो बसल्या जागी झोपला, हातात भाकरीचा तुकडा तसाच. कांताने तो तुकडा काढून घेतला व त्याच्या अंगावर गोधडी घातली.

त्यानंतर ती मला म्हणाली, "आता नाही सांगणार मी. सांगितलं की विचारल्यासारखं होतं. आणि विचारलं की उत्तर ऐकावं लागतं."

मी स्वतः दत्तारामला सांगू शकत होते. सांगितले नाही. का, ते पुढे येईल.

रविवार तारीख १७ रोजी दुपारी औषध मी दिले. कांताने मागितले व मी दिले. औषध कसले हे हवालदारांनी मला चार वेळा विचारले. मी सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी लागले तर मालकिणीला माझ्याकडे पाठवा, तिला तरी सांगेन की नाही याचा विचार करीन, कारण सोमवारी जे झाले ते पाहून मी ते पुन्हा कोणाला देणार नाही असे ठरवले आहे.

सोमवारी कांता कामाला गेली नाही. दुपारी तिला रक्त जाऊ लागले. जायला पाहिजे होते त्याहून जास्त गेले व थांबेना. शेजारीण मालन मच्छी विकते, तिच्या दिराची हातगाडी खाली उभी होती. मी आणि मालनने कांताला खुर्चीत बसवून तीन माळे उतरवले, गाडीवर निजवले व इस्पितळाची वाट धरली. कांता म्हणाली, "आये, शांताला कोणाकडे ठेवलंत?" एवढेच बोलली.

नाक्यावर समितीची निवडणुकीची फेरी आडवी आली. रस्ता भरलेला होता. गाडी पुढे जाईना. मालनने तिच्या धंद्याच्या आवाजात लोकांना बाजूला व्हायला सांगितले. तेव्हा फेरीतून एक स्वयंसेवक तोंडात शिट्टी घेऊन आला, त्याने दोन्ही हात पसरले, गर्दी मागे रेटली आणि ओरडला, "वाट द्या! आजारी बाई आहे! वाट द्या!" तो माझा मुलगा दत्ताराम होता. त्याची आमच्याकडे पाठ होती. गाडी त्याच्या मागून गेली. त्याने वळून पाहिले नाही. वाट मात्र चांगली करून दिली.

मी त्याला हाक का मारली नाही असे विचारल्यावरून सांगते की, हाक मारली असती तर तो थांबला असता, तो थांबला असता तर गर्दी थांबली असती, आणि आम्हाला घाई होती.

इस्पितळात कांताला लगेच आत घेतले. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचेल. मी तिथल्या बाकावर बसले व देवाला काही बोलले नाही, कारण या कामात त्याला मी आधीही विचारले नव्हते.

दत्तारामला मालनने चाळीत गाठून सांगितले. तो धावत इस्पितळात आला. गर्भ गेल्याचे त्याला नर्सने सांगितले, औषधाचे मी सांगितले. कांताच्या खाटेशी पुढील बोलणे झाले ते मी ऐकले आहे.

दत्ताराम म्हणाला, "माझं मूल होतं ते. मला विचारायला नको?"

कांता म्हणाली, "होतं तुमचं."

"मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, कांता. मी काय राक्षस आहे? मला दिसत नाही तुझी तब्येत?"

"आणि नाही म्हटलं असतंत तर?"

दत्तारामने तिच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "नसतं म्हटलं."

कांता म्हणाली, "पण म्हटलं असतंत तर?"

त्याचे डोळे भरले होते. हे मी त्याच्या बाजूने सांगते. माझा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर हे सगळे सोपे झाले असते. तो रात्रभर बाकावर बसला आणि मंगळवारी सकाळी चहासुद्धा न घेता या ठाण्यावर येऊन तक्रार देऊन गेला.

आज मी येथे आले तेव्हा दत्तारामलाही बोलावले होते. फौजदारसाहेबांनी त्याला विचारले की, मूल पाडल्याबद्दल कायद्याने पाडणाऱ्याला तीन वर्षे शिक्षा होऊ शकते व स्वतःहून पाडून घेणाऱ्या बाईलाही होऊ शकते, हे त्याला माहीत आहे काय. त्याला माहीत नव्हते. त्याला वाटले होते की, साहेब आम्हा दोघींना बोलावून दम देतील. त्यासाठी पोलीस कशाला, चाळीत पाटकर मास्तर आहेत, ते फुकट दम देतात.

दत्ताराम माझ्यावर ओरडला. म्हणाला, "आये, तू माझी आई असून असं केलंस? बापाला काही हक्कच नाही?"

मी म्हटले, "मेल्या, इचारूक तू घरात होतस कधी? दिल्लीवाले मुंबईक न इचारता मुंबईचा ठरवतत म्हणान गल्लीगल्लीत बोंबलतस. मगे कांताच्या अंगाचा कोणी ठरवायचा?"

तो म्हणाला, "ते वेगळं. हे माझं मूल होतं. बाबा असते तर असं झालं नसतं. बाबांना विचारल्याशिवाय तू काही केलं नसतंस."

हे त्याने बरोबर सांगितले. म्हणून मी त्याला जे तेहेतीस वर्षे सांगितले नव्हते ते येथे, फौजदारसाहेबांच्या टेबलासमोर, सांगितले. ते पुढीलप्रमाणे.

माझे पती कै. बुधाजी यांना मी एकदाच विचारले होते. तेव्हा माझी मुलगी कमल सात महिन्यांची होती व अंगावर पीत होती, आणि मला पुन्हा दिवस गेले. माझ्या आईला औषध माहीत होते व ती गावाहून आलेली होती. मी यांना विचारले. हे म्हणाले, "नको. देवाची देणगी आहे." आणि भजनाला गेले. यांचा गळा चांगला होता. मी यांचे ऐकले, औषध घेतले नाही. पुढे दोन महिन्यांत माझे दूध आटले. कमलला वरचे दूध पचेना. ती अकरा महिन्यांची असताना गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी यांची ती देवाची देणगी जन्मली. तिचे नाव दत्ताराम ठेवले.

दत्तारामने विचारले, "म्हणजे बाबांनी नको म्हटलं म्हणून मी?"

मी म्हटले, "होय."

दत्ताराम झाला याचे मला एक दिवसही वाईट वाटलेले नाही. कमल गेली याचे वाटते. ही दोन वाक्ये एकापुढे एक लिहू नका असे मी हवालदारांना सांगितले होते. त्यांनी लिहिली आहेत.

मग बापाचे ऐकावे की नाही, असे हवालदारांनी मला विचारले. हे जबाबासाठी नाही, त्यांना स्वतःला पाहिजे होते म्हणून विचारले. मी सांगितले की, मला माहीत नाही. माहीत असते तर मी दत्तारामला आधीच सांगितले असते. मला फक्त शांता दिसत होती.

दत्ताराम उठून बाहेर गेला. व्हरांड्यातल्या नळावर त्याने तोंड धुतले, बराच वेळ धुतले. आत येऊन फौजदारसाहेबांना म्हणाला की, त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही. साहेब म्हणाले, पोलीस ठाणे म्हणजे काय इराण्याचे हॉटेल आहे, मागवले आणि परत पाठवले? तेव्हा दत्ताराम म्हणाला, "मग असं लिहा, साहेब. बायकोने मला विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो."

फौजदारसाहेब म्हणाले, "गाढवा, मग तुझंही नाव आरोपीत घालावं लागेल."

दत्ताराम म्हणाला, "घाला."

हे त्याचे बोलणे खोटे आहे. कांताने त्याला विचारले नव्हते. मी शपथेवर सांगते की, त्याने हो म्हटलेले नाही व नाहीही म्हटलेले नाही. जे काही केले ते मी केले, माझे नाव घाला, मला तीन वर्षे द्या. मात्र पाच मुलांना त्या काळात कोण पाहणार ते सरकारने आधी कळवावे.

त्यावर फौजदारसाहेबांनी मला समजावून सांगितले की, पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मी विचारले, मग अकरा वाजल्यापासून मी कोणाला सांगत होते? ते म्हणाले, "आजी, तुम्ही थांबतच नव्हता." त्यांनी पुढे असेही सांगितले की, कांताने काल इस्पितळात जबाब दिला आहे की, ती पाण्याची कळशी घेऊन जिन्यावरून पडली. डॉक्टरने कारण सांगता येत नाही असे लिहिले आहे. तक्रारदार फिरला आहे. तेव्हा पुराव्याअभावी कागद बंद करायला ते वर पाठवतील. वरचे साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तात आहेत, ते वाचणार नाहीत.

कांता जिन्यावरून पडली असे म्हणत असेल तर ती पडली असेल. मला त्याविरुद्ध काही सांगायचे नाही.

इस्पितळात भेटायची वेळ चारची आहे. मी घरी जाऊन पेज करणार व शांताला घेऊन जाणार आहे. दत्तारामने आता येथे, दाराशी उभे राहून, मला विचारले, "आये, मी येऊ?"

मी सांगितले, "माका काय इचारतस? तिका इचार. वॉर्डाच्या दारात उभो रव. ये म्हणाली तर आत जा."

"आणि नको म्हणाली तर?"

मी म्हटले, "तर भायर रव."

तो बरे म्हणाला. ती काय म्हणेल हे मला माहीत नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शिव्या गाळल्या आहेत. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून अंगठा दिला आहे.

राधाबाई बुधाजी घाडीगावकर, डाव्या हाताचा अंगठा.

समक्ष : पो. हवालदार शरच्चंद्र मोरजकर.