लॉरीला खैराचे बूश

आम्ही सुतार, पण होड्या बांधणारे. रत्नागिरीच्या खाडीकडेला आमचं घर, आजा होड्या बांधायचा, बापूसही तेच, नि मीही तेच करायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. पण गावात मोटारी आल्या नि माझं डोकं फिरलं. एका शेठच्या उतारू नेणाऱ्या लॉरीवर मिस्त्री म्हणून लागलो. बापूस म्हणाला, जा, बस त्या पत्र्याच्या डब्यात, मी जन्मात पाऊल ठेवणार नाय. असा तिरसट! मी पण त्याचाच, म्हटलं, नका ठेवू.

तर काय सांगू तुम्हाला, ऐन आषाढात लॉरी डुलायला लागली. पावस गावच्या वळणावर उतारू एकमेकांच्या मांडीवर. खाली शिरून बघतो तर चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाला पिन असते ना, तिच्याभोवतीची पितळी नळकांडी, म्हणजे बूश, पार झिजलेले. नवे मुंबईहून आगबोटीनं यायचे, नि आगबोट नारळी पुनवेपर्यंत बंद. शेठ म्हणाले, मग लॉरी पुनवेपर्यंत उभी, तू जा घरी बापसाकडे होड्या तासायला. घरी? जल्लं मेलं ते! म्हटलं, शेठ, लॉरी चालवूनच दाखवतो. होडीच्या कप्पीत खैराचं लाकूड वर्षानुवर्षं फिरतं, मग लॉरीत का टिकणार नाय? खैराचे बूश कोरले, माशाच्या तेलात चार दिवस मुरवले, बसवले. पहिल्याच चढाला खडखड खडखड, आधीपेक्षा वाईट.

शेवटी मान खाली घालून बापसाकडेच गेलो. एक बूश हातात घेतलान, पिनेवर फिरवून बघितलान, म्हणाला, मेल्या, सैल का ठेवलास? म्हटलं, लाकूड फुगतं ना, होडीला ठेवतो तशी फट ठेवली. तर म्हणाला, होडी पाण्यात असते. हे लाकूड तेल प्यायलंय, आता फुगतंय कशाला? घट्ट कर, ठोकल्याशिवाय आत जाता नये. नि दोन्ही बाजूंचे एकदम बदल, नायतर कलेल. मला अशी लाज वाटली! पुन्हा कोरले, ठोकून बसवले.

फेरीला निघालो तर पुढच्या सीटवर बापूस, टोपी मांडीवर. पावसच्या वळणावर वाकून चाकाकडे कान दिलान. उतरताना एवढंच बोलला, डुलत नाय.

पुनवेनंतर पितळी बूश आले, ते इतकी वर्षं तसेच फळीवर पडलेत. बापूस आता थकलाय, डोळ्यांनी दिसत नाय, पण लॉरी दारावरून गेली की कान देतो. काल जेवताना म्हणाला, मागचं डावं वाजतंय. खाली शिरून बघितलं, खरंच सैल. म्हणून आज खैर तासायला बसलोय, दोन्ही बाजूंचा. देव त्याचे कान असेच ठेवो.