रद्दीत निघालेला क्रांतीचा अर्ज

मी, शेवंताबाई आबा शिंगे, वय ५२ वर्षे, धंदा मजुरी, रा. पेठ वडगाव, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी कागद कारखान्यात रद्दी निवडते. पिना, दोरे, प्लॅस्टिक काढून कागद फिरत्या पट्ट्यावर सोडते. पुढे टाकीत त्याचा लगदा होतो व त्यापासून खोक्यांचा तपकिरी कागद बनतो. मला वाचता येत नाही. सही येते.

आज सकाळी साडेदहाचे सुमारास सरकारी कार्यालयातून आलेले गठ्ठे निवडताना पट्ट्यावरील एका अर्जावर माझी मुलगी क्रांती हिचा फोटो दिसला. फोटोतील ड्रेस मी शिवलेला आहे. मी अर्ज ओढून घेतला. सुपरवायझर विश्वजित म्हणाले, "मावशी, रद्दी कंपनीची हाय. ठेवा खाली." मी म्हणाले, "ही माझी पोरगी हाय." ते म्हणाले, "पोरगी न्हवं, कागद हाय." मी अर्ज पदरात धरून ठेवला. त्यावरून मला येथे पोलीस ठाण्यात आणले. मी तक्रार द्यायला आले की माझ्यावरच तक्रार आहे, हे मला अद्याप समजलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी क्रांतीने नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज दिला होता. यादीत नाव आले नाही. चौकशी केली असता अर्ज मिळालाच नाही, असे कार्यालयात सांगितले. तिच्याकडे पोच नव्हती. त्यावेळी मी तिला, "तू अर्ज दिलाच न्हाईस, स्टँडवर बसून आलीस," असे बोलले होते. दिवाळीनंतर तिचे लग्न कागल येथे लावले. तिला विचारले नव्हते.

येथील हवालदार पूर्णिमा मॅडम यांनी अर्जावरचा शिक्का वाचून दाखवला. अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी मिळाल्याची नोंद आहे. मी तो पुन्हा वाचायला लावला. नंतर क्रांतीला फोन केला. अर्ज सापडल्याचे तिला सांगितले. मग, "दिलता की गं मी, आई," एवढेच म्हणाली. फोन कट झाला की तिने ठेवला, ते सांगता येत नाही.

तक्रार कोणाविरुद्ध आहे, असे मॅडमनी तीन वेळा विचारले. कार्यालयातील कोणाचे नाव मला माहीत नाही. "माझ्याविरुद्ध लिवा," असे मी सांगितले. तसे लिहून घेता येत नाही, असे त्या म्हणाल्या.

हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे.

सही/-
शेवंताबाई आबा शिंगे