क्ष कोण, ते आधी सांगा

आणि वर म्हणतात काय, "आई, यात माझा काहीच फायदा नाही." आता मला सांगा, ज्याचा खरंच फायदा नसतो तो माणूस असं आपणहून सांगत सुटतो का? मी कधी रस्त्यात कुणाला थांबवून सांगितलंय का, की बाबा रे, मी तुझ्या खिशात हात घालणार नाहीये म्हणून? पण मी काही बोलले नाही. मी आपलं लक्ष ठेवलं.

जावयाबद्दल सांगतेय हो. आमचं कापड रंगवायचं काम आहे, घरामागे शेड, त्यात चुली, दोऱ्या आणि मी. आमचे हेसुद्धा आहेत, पण त्यांचं सगळ्यावर एकच उत्तर, "असू दे." रंगवलेलं कापड खळबळायची जुनी टाकी तळातून फुटली, निळं पाणी वाहत वाहत शेजारणीच्या अंगणात गेलं, तिचं पांढरं मांजर पोटापर्यंत निळं झालं, ती भांडायला दारात उभी... आणि हे म्हणतात, असू दे. म्हणजे शेवटी वेल्डरला बोलावलं कुणी? मीच.

वेल्डर आमच्या जुन्या ओळखीचा. म्हणाला, "ताई, वरून उघडी टाकी करू, हजार लिटरची. पण तळाला जाड पत्रा लागेल, बाजूंना पातळ चालेल. आणि जाड पत्रा पातळाच्या दुप्पट पडतो हं." बास. एवढंच बोलला तो. आणि लेकीबरोबर आमच्याकडे जेवायला आलेले आमचे जावईबापू, ताटावरून मान वर करून म्हणतात, "दुप्पट?"

आता हे जावई कॉलेजात गणित शिकवतात. लग्नाला वर्ष होत आलं, पण एवढ्या दिवसांत माझ्याशी 'हो', 'नको' आणि 'पुरे' यापलीकडे बोललेले नाहीत. लेक म्हणते, "आई, तो लाजतो." लाजतो? हातात खडू घेऊन शंभर मुलांपुढे उभा राहणारा माणूस माझ्यापुढे लाजतो? मला तर वाटायचं, हे गप्प बसून काहीतरी मोजताहेत. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी खरंच उठले, हात धुतले आणि टेप घेऊन माझी शेड मोजायला लागले. लांबी मोजली. रुंदी मोजली. दरवाजासुद्धा मोजला. टाकी करायचीय आणि दरवाजा कशाला मोजता हो? म्हणे, "आत जायला हवी ना, आई." कोण आत जायला हवी? की कोण आत यायला हवा? माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती गप्पच बसेना. शेडची किल्ली खुंटीवरून काढली आणि कमरेला खोचली. बोलले काही नाही. लक्ष ठेवलं.

मग शेडच्या दारावर, माझ्या दारावर, खडूने लिहायला सुरुवात. "आई, बघा. तळ चौकोनी. त्याची बाजू क्ष धरू."

म्हटलं, "क्ष कोण?"

"कोणी नाही, आई. क्ष कितीही असू शकतो."

ऐकलंत? कितीही असू शकतो. व्यवहारात हे असं चालतं का? उद्या मी गिऱ्हाइकाला सांगितलं, तुमच्या चादरीचे क्ष झाले, क्ष कितीही असू शकतो, तर चादर टाकून पळेल तो. पण जावई रंगात आलेले. म्हणे, "टाकी पसरट केली तर महागडा तळ वाढतो. उंच आणि चिंचोळी केली तर तळ वाचतो, पण बाजू वाढत जातात, त्यांचा खर्च वाढतो. मधे कुठेतरी एक जागा असते, आई, तिथे खर्च उतरायचा थांबतो आणि चढायला लागायच्या आधी अगदी सपाट होतो. तीच सगळ्यात स्वस्त टाकी. आता ती जागा शोधायची कशी? डेरिव्हेटिव्ह, म्हणजे खर्च चढण्या-उतरण्याचा वेग, काढायचा आणि तो शून्य धरायचा."

म्हटलं, "शून्य कुणाच्या वाट्याला?"

ते हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना. चांगले दात आहेत. पण चांगल्या दातांवर मी विश्वास ठेवत नाही.

बरं, दार भरलं, खालची चौकट भरली, लेक म्हणाली आता भिंतीवर नको, तेव्हा कुठे उत्तर आलं. काय उत्तर? टाकी जेवढी रुंद तेवढीच उंच. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. म्हणजे एवढा घोळ घालून निघालं काय, तर चौकोनी डबा. मी ह्यांना म्हटलं, "चौकोनी डबा तर मीही सांगितला असता, यात काहीतरी काळंबेरं आहे." हे म्हणाले, "असू दे."

आणि दुसऱ्याच दिवशी काय बघते, कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर जावई आणि वेल्डर, दोघं चहा पिताहेत. एकाच बाकावर. डोक्याला डोकं लावून. मला बघितल्याबरोबर गप्प. आता एका कॉलेजातल्या मास्तराला एका वेल्डरशी एवढ्या कसल्या गुजगोष्टी करायच्या असतात? माझी खात्रीच पटली. तळाला जाड पत्रा म्हणून सांगायचं, पातळ लावायचा आणि मधलं दोघांनी वाटून घ्यायचं. घरचा माणूस हो, लेकीचा नवरा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरंच सांगते. पैशाचं नाही काही. पण लेकीला हे सांगायचं कसं?

टाकी आली. शेडमधे ठेवून दोघं बाहेर गेले. म्हटलं हीच वेळ. तळावर पान्ह्याने ठोकून बघायचं, जाड पत्र्याचा आवाज मला कळतो. बादली पालथी घातली, वर चढले, आत वाकले. हात पुरेना. अजून वाकले. तरी पुरेना. क्ष धरला होता ना त्यांनी, माझा हात कुठे धरला होता? आणखी वाकले... आणि गेले आत. डोक्यावर.

लागलं नाही फारसं. उठणार, तेवढ्यात पावलं वाजली. दोघं आले आणि उंबऱ्यावरच टेकले, माझ्याकडे पाठ करून. मी टाकीत उकिडवी बसले. म्हटलं आता बोला, काय वाटून घ्यायचं ते.

वेल्डर म्हणाला, "मग? चहावर एवढी काळजी करत होतात, आता तरी खूश झाल्या का सासूबाई?"

जावई म्हणाले, "नाही हो. त्या दिवशी टेप धरताना तुम्ही म्हणालात, त्यांना खर्च वाचवलेला फार आवडतो, त्याविषयी बोला. मी बोललो. त्यांनी विचारलं, क्ष कोण."

"घाबरता एवढं?"

"घाबरत नाही." मग म्हणाले, "माझी आई मी लहान असताना गेली. घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील. आईशी काय बोलायचं असतं, ते मला येतच नाही. गणित येतं, म्हणून म्हटलं गणिताचं बोलू."

तुम्हाला सांगते, त्या डब्यात मला एकदम जागा कमी पडायला लागली. किल्ली कमरेला टोचत होती. बाहेर यावं तर कोणत्या तोंडाने यावं? आत बसावं तर किती वेळ? तेवढ्यात वेल्डर म्हणाला, "चला, पाणी सोडून बघू, गळतंय का," आणि न बघता पाइप आत टाकला. पाणी थेट माझ्या डोक्यावर.

उभी राहिले. काय करणार? वेल्डरच्या हातून पाइप सुटला. जावई पांढरेफटक. "आई? तुम्ही... आत?"

म्हटलं, "तळ जाड आहे. बघून घेतला."

कुणी हसलं नाही. जावयांनी हात दिला, बादलीवर पाय ठेवायला सांगितलं, बाहेर काढलं. मग डोळे माझ्या हाताकडे गेले आणि कपाळावर आठी पडली. म्हणाले, "तुमच्या हाताची लांबी मी हिशेबात घ्यायला हवी होती. माझं चुकलं, आई."

मी म्हटलं, "जावईबापू, कपडे बदलून येते. मग मला सावकाश सांगा, तो डेरिव्हेटिव्ह शून्य का धरायचा ते."

झालं. हीच चूक झाली माझी. त्या दिवसापासून ते बोलताहेत. जेवताना बोलतात, दोरीवर कापड टाकताना बोलतात, फोन करून बोलतात. टाकीजवळ उभं राहायला फळी टाकून दिली, तर ती किती उंच असावी यावर सगळी संध्याकाळ बोलले. लेक विचारते, "आई, तू केलंस काय त्याला?" काय सांगू तिला? गप्प होते तेव्हा बरं होतं हो, निवांत संशय तरी घेता यायचा.