पाहुणे यायच्या आधी नदी आवरली

…नाही पण तुम्हीच सांगा, स्वच्छता करणं हा काय गुन्हा आहे का? घरी पाहुणे येणार असले की तुम्ही काय करता? केर काढता, उश्यांचे अभ्रे बदलता, खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग कपाटात कोंबता आणि कपाटाला पाठ लावून हसत उभे राहता. आम्ही तेच केलं. फक्त घराचं न करता नदीचं केलं. तर तेव्हापासून आमच्या गल्लीत मला बूचताई म्हणतात. तुम्हाला सांगते, एवढ्या लांब जाऊन नद्यांचं शास्त्र शिकले, जाडजूड प्रबंध लिहिला, झगा घालून स्टेजवर गेले, आणि परत येऊन पदवी मिळाली काय, तर बूचताई!

आमच्या घरांच्या मागे नदी आहे. हे वाक्य आमच्याकडे बोलायची सोय नाही. नदी म्हटलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात. कुठली नदी? अहो, ही. ही होय, हा तर नाला! आमच्या बाबांनी तर घराची मागची खिडकी कायमची खिळे ठोकून बंद केलेली. मी परत आले, बॅगही न उघडता पकड घेऊन ते खिळे उपटले आणि खिडकी सताड उघडली. बाबा नाक धरून म्हणाले, "वास येतो गं." मी म्हटलं, येऊ दे, वास आल्याशिवाय माणसांना लाज कशी वाटणार? तर म्हणाले, "मला वाटतेय ना. लोक विचारतात मुलगी शिकून आली, काय करते? मी काय सांगू, गाळ उपसते?"

तरी मी मंडळ काढलंच. नदीमित्र मंडळ. गल्लीभर फिरले, दारोदार बोलले, घसा बसला, आणि पहिल्या रविवारी आली दोन माणसं. एक शेजारच्या मुख्याध्यापिकाबाई. निवृत्त झाल्यात, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही. आणि दुसरा आमचा प्लंबर. आता हा का आला? नदीवर प्रेम म्हणून? छे! याला तुंबलेलं बघवत नाही. तुमच्या घरी जेवायला बोलवा, हा हात धुताना बेसिनमध्ये वाकून बघणार, "वहिनी, जरा हळू जातंय हो पाणी." पण माणसं हिऱ्यासारखी बरं का. हळूहळू आणखी आली, काठ साफ झाला, झाडं लागली, आणि मला वाटलं, आता नदी वाचली.

तेवढ्यात पालिकेतून बातमी आली की नदीवर स्लॅब पडणार. वर पार्किंग. आणि आमची गल्ली खूश! गाड्या लावायला जागा नाही म्हणून रोज सकाळी एकमेकांची वडिलोपार्जित अक्कल काढणारी माणसं, एकदम एकमेकांना पेढे भरवायच्या बेतात. मी मात्र तशीच उठून ऑफिसात साहेबांपुढे. साहेब शांत माणूस. इतका शांत की आपण बोलताना ते झोपलेत की ऐकतायत ते कळत नाही. मी सगळं शास्त्र सांगितलं. झरे सांगितले, मासे सांगितले, भूजल सांगितलं. संपल्यावर डोळे उघडून म्हणाले, "ताई, तुंबलेलं पाणी म्हणजे नाला आणि वाहतं पाणी म्हणजे नदी. नदीवर मला झाकण टाकता येत नाही, नाल्यावर टाकायला कुणाला विचारावं लागत नाही. तुमचं काही वाहतंय का?"

आता काय सांगू? नव्हतं वाहत! मी स्वतः पान सोडून बघितलं होतं. सकाळी सोडलेलं पान संध्याकाळी तिथंच, वर एक डास बसलेला. पण तोंड आहे ना, ते कुठं मला विचारतं? मी म्हटलं, "वाहत नसेल साहेब, पण लोक वापरतात. या रविवारी आमचा नौकाविहार आहे."

कुठला नौकाविहार? कसल्या नौका? माझं मलाच नवीन! साहेब म्हणाले, "बरं, येतो. लोक पाण्यात उतरलेले दिसले तर माझा शेरा बदलीन. नाही दिसले तर सोमवारी सही." झालं. सोमवारी सही म्हणजे नदी गेली. आणि नदी गेली तर मी परत कशाला आले, सांगा ना? खिडकी उघडून पार्किंग बघायला?

मग काय धावपळ, काय धावपळ! पलीकडच्या तलावावरच्या क्लबला हातापाया पडून चार होड्या आणल्या, लांबट, प्लास्टिकच्या, दोघादोघांना बसायच्या. ठेवायच्या कुठं? एक आमच्या हॉलमध्ये, सोफ्यावर आडवी. सोफा नवीन बरं का. मी तिकडे असताना बाबांनी घेतला. जुन्याचं काय केलं विचारलं, तर छाती काढून म्हणाले, "एका गरजूला दिला." मला इतकं भरून आलं होतं तेव्हा… असो, सोफ्यावर येतेच मी परत.

सराव बाईंनी घेतला, गच्चीवर. नदीत सराव केला तर लोक घाबरतील म्हणून गच्चीत खुर्च्या मांडल्या, हातात केरसुण्या दिल्या. "डावं! उजवं! कोण हसलं ते? उभं राहा!" आता होडीत उभं राहायला सांगतात का? पण बाईंना कोण सांगणार? पिठाच्या गिरणीवाल्या काकांना त्यांनी खरोखर होडीबाहेर, म्हणजे खुर्चीबाहेर, उभं केलं. आणि बाबा? गाळाची लाज वाटणारे आमचे बाबा लाइफ जॅकेट घालून टीव्ही बघायला लागले. काढा म्हटलं तर म्हणे, "अंगाची सवय व्हायला नको?"

सगळं तयार, चारही होड्या पाण्यात सोडून काठाला बांधलेल्या. शनिवारची संध्याकाळ. आम्ही पुलावर उभे. खाली पाणी कसं, मस्त छातीभर खोल, आरशासारखं स्थिर. आणि बाई म्हणाल्या, "ते काय आहे?"

पुलाच्या कमानीत तुंबारा होता. वर्षानुवर्षांचा. गाद्या, फांद्या, जलपर्णी, प्लास्टिक, सगळं एकात एक गुंतून भिंत झालेली. आम्ही आजवर काठ साफ केला, पण ह्याला हात लावायची छाती झाली नव्हती. बाई म्हणाल्या, "उद्या साहेब येणार आणि दारात हे? पाहुण्यांना हे दाखवायचं?" आता यात काय चुकलं त्यांचं? स्वच्छता करणं हा काय गुन्हा आहे का? आणि प्लंबर! तो तर कमानीकडे असा बघत होता, असा बघत होता, जसा एखादा पैलवान समोरच्याच्या मांड्या बघतो. "ताई," म्हणाला, "आयुष्यात एवढं मोठं चोकअप नाही बघितलं. हो म्हणा."

मी हो म्हटलं. नद्यांचं शास्त्र शिकलेली मी, पाणी का साचतं यावर प्रबंध लिहिलेली मी, म्हणाले, हो, काढू या!

दोर बांधले. एकीकडे गिरणीवाले काका, एकीकडे बाबा जॅकेटसकट, मधे प्लंबर छातीपर्यंत पाण्यात, आणि काठावर बाई, "एक साथ! रेंगाळू नका!" फांद्या निघाल्या, प्लास्टिक निघालं, शेवटी मधली गादी तेवढी राहिली. ती हलेना. ओढतोय, ओढतोय, आणि तुम्हाला सांगते, ती निघाली तेव्हा असा आवाज आला… घळ्ळ्ळ्ळ… की प्लंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच तो आवाज," म्हणाला. पाणी कमानीतून धावत सुटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या! किती सुंदर, किती मोकळं, म्हणून वाकून वाकून बघितलं आणि हात झटकून घरी जाऊन गाढ झोपलो.

रविवारी सकाळी मी खिडकी उघडली. बाबांना हाक मारली. बाबा आले, बघितलं, आणि इतकंच म्हणाले, "पाणी कुठं ठेवलंस?"

गेलं होतं! सगळं! छातीभर पाणी गेलं खाली आपल्या वाटेनं, आणि राहिला होता चिखल. मधोमध घोट्याएवढी एक धार. चार होड्या चिखलात अशा बसलेल्या, जशा चार म्हशी. आम्ही बूच काढलं होतं हो, नदीचं! आणि बूच काढल्यावर बादलीत पाणी राहत नाही, हे सांगायला शास्त्र शिकून यावं लागतं का?

त्यात अख्खी गल्ली काठावर जमलेली. नौकाविहार बघायला आलेली माणसं चिखल बघत होती. आणि चिखलात काय नव्हतं? सायकल होती, पत्र्याचं कपाट होतं, कमोड होता. आणि मग सुरू झालं. "अहो, ही तर तुमची सायकल!" "माझी चोरीला गेली होती!" "मग कमोडपण चोरीला गेला होता का?" सगळे तरातरा खाली उतरले, आपापलं लपवायला आणि दुसऱ्याचं दाखवायला. आणि मधोमध, गाळातून डोकं काढून, मोहरीच्या रंगाचा, मोठ्या फुलांचा… सोफा. मी बाबांकडे बघितलं. बाबा आकाशाकडे बघत होते. तसेच म्हणाले, "गरजूनं टाकलेला दिसतोय."

अशा वेळी साहेब आले. चकचकीत बूट, हातात छत्री. पुलावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पाणी नाही." मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग सोमवारी सही."

तरी साहेब नियमाचे पक्के. जागेची पाहणी खाली उतरूनच करायची म्हणाले. उतरले, दोन पावलं टाकली आणि एक पाय गेला चिखलात. आम्ही धावलो, ओढलं, पाय आला, बूट नाही आला. तो उपसला, तर हातातून सुटून धारेत पडला. आणि निघाला! अहो, चक्क निघाला, सरळ, नाक वर करून, सोफ्याला वळसा घालून! साहेब एका मोज्यावर त्याच्यामागे, मी साहेबांमागे, बाबा, बाई, गिरणीवाले काका, सायकलवाले, कमोडवाले, अख्खी गल्ली नदीतून धावतेय, धरा, धरा, आणि बूट कमानीतून पार! आमच्या नौकाविहारात पाण्यावरून गेलेला एकुलता एक प्रवासी तो!

सगळे थांबलो. तेवढ्यात आवाज आला बारीकसा, खळखळ, दगडांवरून. आणि बाई, इतकी वर्षं काठावर राहिलेल्या, अगदी हळू म्हणाल्या, "अगं, ही वाहते?"

साहेबांनी मोजा काढून पिळला. मग म्हणाले, "वाहते, असंच म्हणावं लागेल. माझा बूट नेला तिनं." शेरा तिथंच लिहिला: वाहतं पाणी, झाकण टाकता येणार नाही. खाली सही, आणि घरी गेले आमच्या बाबांच्या चपला घालून.

तर नदी वाचली. गल्लीनं आपापलं सामान उचललं, लाजेनं का होईना. सोफा बाबांनी स्वतः पाठीवर वाहून नेला, यावेळी खऱ्या भंगारवाल्याकडे. गाड्यांची भांडणं रोज सकाळी पूर्ववत चालू. आणि खिडकीला खिळे नाहीत. फक्त पाणी… पाणी घोट्याएवढंच. आणि नौकाविहाराला आता इतकी नावं आलीत की विचारू नका! मग काय करतो? दर रविवारी होडी डोक्यावर घेतो आणि नदीतून चालत चालत, कुठंतरी वर खोल पाणी लागेल म्हणून निघतो. पुढं बाबा जॅकेटमध्ये, मागं बाई, "डावं! उजवं!" लोक पुलावरून विचारतात, काय चाललंय? काय सांगणार? सगळीकडं माणसं होडीत बसून फिरतात, आमच्याकडं होडी माणसांवर बसून फिरते. फिरू दे बापडी. तिला तरी कुठं कोण नेतं!