कानसेन आणि डावं चाक

नाही, पण आवाज येतोय म्हणजे येतोय ना हो! गाडी माझी, कान माझे, आणि लोक मलाच सांगतात, मनाचे खेळ आहेत! तुम्हाला सांगतो, झालं काय, वळणावर बायको म्हणाली, "अहो, डावीकडे बघा!" मी पडलो आज्ञाधारक, बघितलं डावीकडे... डावीकडे तीच बसलेली! "माझं तोंड काय बघताय, फूटपाथ!" एवढं ती म्हणेपर्यंत डावं चाक फूटपाथच्या कडेवर चढून, धाडकन उतरून मोकळं! वरून पाहाल तर ओरखडा नाही, पण दुसऱ्या दिवसापासून वळलो की कटाक्! खड्डा आला की कटाक्-कटाक्! एक मेकॅनिक म्हणाला, "बेअरिंग गेलं, साहेब." दुसरा म्हणाला, "बेअरिंग? कोण शहाणा म्हणाला? टायर बदला!" तिसरा गाडीत बसला तर आवाजच गायब, दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसा! वर मला म्हणतो, "रेडिओ लावा आणि चालवा." अरे, रेडिओ काय लावा? आवाज येतोय म्हणजे येतोय!

आता तुम्ही म्हणाल, एवढी दारं कशाला हिंडलात, घरात बाबा आहेत की! आहेत ना. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं त्यांनी. लोक त्यांना कानसेन म्हणायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला की हे सांगायचे, "तुम्ही बोलू नका, फोन बॉनेटला लावा," आणि इथे खुर्चीत बसून तिथला बिघाड सांगायचे! पण त्यांच्यासमोर उभं राहून "मी फूटपाथवर चढवली" म्हणायचं? पन्नाशीतही छाती होत नाही हो! शेवटी गेलो. बाबा उठले. चप्पल घालून शेजारी येऊन बसले, डोळे मिटले. "चालव."

चालवली. पहिल्याच वळणावर असा कटाक् वाजला की रस्त्यावरची एक बाई दचकून मागे वळली! मी बाबांकडे बघतोय. बाबा शांत. "कुठाय आवाज?" "आत्ता आला ना, बाबा!" "पुन्हा घे." पुन्हा घेतली. कटाक्! तिसऱ्यांदा घेतली. कटाक्-कटाक्! बाबांच्या कपाळाला आठी. मग म्हणाले, "काच लाव रे. वाऱ्यात काही ऐकू येत नाही."

काच लावलेलीच होती. चारही.

मी काय केलं सांगू? काच खाली केली... आणि पुन्हा वर केली.

"हां," बाबा म्हणाले, "आता कसं! शॉकअप आहे," आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पेपर दिल्यावर पोरं मास्तरांकडे बघतात ना, तसे. या माणसाने जन्मात कधी अंदाज ठोकला नव्हता हो!

मग नेली त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मेकॅनिककडे. त्याने चाक काढलं, खाली वाकला, सरळ झाला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "शॉकअप ठणठणीत आहे. चाक धरून ठेवतो तो आर्म वाकलाय." मी बाबांकडे बघून 'नको' अशी मान हलवली. त्याला कळलं. मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, शॉकअपच!" बाबांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी त्यांच्या कानाशी, "शॉकअप म्हणतो, बाबा! तुमचंच बरोबर!"

बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. उघड्या चाकात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आर्म वाकलाय," ते म्हणाले. "डोळे शाबूत आहेत माझे. आणि तू नवा आर्म घाल, खोटं बोलायला नाही शिकवलं तुला."

आम्ही दोघं मान खाली घालून उभे.

परत येताना गाडी अगदी गप्प. इतके दिवस म्हणत होतो, आवाज येतोय म्हणजे येतोय, आणि आता वाटत होतं, एकदा तरी वाजावं काहीतरी! धीर करून विचारलं, "बाबा, कधीपासून?" दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडलो.

"तुझी आई गेली ना, त्याच सुमारास," म्हणाले. "मला वाटलं, घरच गप्प झालंय."

दोन वर्षं हो! दोन वर्षं आम्ही म्हणत होतो, बाबा हल्ली बोलत नाहीत, दुःखात आहेत, त्यांना त्रास नको... आणि त्यांच्याशी हळू बोलत होतो!

मग कानाचं मशीन आणलं. बाबांनी घातलं, जेवायच्या टेबलापाशी बसले, दहा मिनिटं ऐकलं. "तुम्ही दोघं एवढं भांडता?" म्हणाले, आणि काढून डबीत ठेवलं. सून समजावून थकली, डॉक्टर समजावून थकले. "राहू दे रे. भांडी वाजतात, पंखा वाजतो, सगळं ऐकू येतं. तुझ्या आईचा काही आवाज येत नाही त्यात."

मशीन डबीत ते डबीतच. तेव्हा मघापासून मी तुमच्या अंगावर ओरडतोय असं वाटलं असेल, तर राग मानू नका... हल्ली घरी असंच बोलावं लागतं.