उचल आत्याची, झेल आमचा

माहा जलम आरमोरीकडच्या एका खेड्यातला, अन् त्या खेड्याचं नाव तुमी लिहाचं नाई, हे पयलेच सांगून ठेवते. मांगं एक जन आला होता, असाच आवाज भराचं मशीन घेऊन, आमच्या बँडवर लिहाले, अन् जंगलातलं वाद्य म्हनून त्यानं माह्या ड्रमचा फोटो छापला, जो मी नागपूरच्या दुकानातून आनला होता. बसा. खुर्ची सावलीत घ्या. पंपावर गाडी आली तर मी मधातच उठून जाईन, मंग तोंड वाकडं कराचं नाई.

बाप माहा दंडारीत ढोलकी वाजवे. दंडार म्हंजे दिवाळी झाली का आमच्या इकडे गावोगाव मंडई भरते, तिथी नाचगान्याचा खेळ होते, तो. माय मी लहान असतानाच गेली, बाप गावोगाव ढोलकी घेऊन फिरे, मंग मले वाढवलं कोनं, तर आत्यानं. भागरथाबाई. काय सांगू तुमाले, तोंडानं अशी फाटकी बाई का रस्त्यानं जानारा बैलही मान खाली घालून जाये. मारलं बी लय अन् जेवू बी घातलं. पन रोवन्याच्या बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, उतरली का ते बाई येगळीच.

रोवना तुमी पाह्यला काय? नाई पाह्यला. मंग आयका. धानाचे पऱ्हे, म्हंजे रोपं, हातात घेऊन बाया एका रांगेनं चिखलात वाकते अन् मांगं मांगं सरकते, अन् गानं चालू राह्यते. एकच बाई ओळ उचलते, बाकीच्या झेलते. आमच्या गावात उचल आत्याची. तिच्या आंधी तिच्या सासूची होती. अन् उचलनारी जित्ती असताना तिच्या देखत दुसऱ्यानं ओळ उचलली, तर ते म्हंजे तिले सांगनं झालं का बाई, तू मेली. हे कोनी शिकवत नाई, कुठी लिहून नाई. आमच्या गावातल्या शेंबड्या पोट्टीले बी ठाऊक हाय.

मंग लगन झालं, गडचांदूरले आली. नवरा खदानीत डंपर चालवते, मी ह्या पंपावर लागली. बाजूले ते गॅरेज दिसते ना, ते दिलीपभाऊचं. सिमेंटच्या ट्रका रांगेत उभ्या राह्यते, तिथीच त्याचा धंदा. एक दिवस प्रशांत आला, कंपनीच्या क्वार्टरातल्या बाबूचा पोरगा, नागपुरात शिकलेला, गाडीचा क्लच गेला होता अन् पाठीवर गिटार. गाडी खोलून ठेवली तशी तो बसला वाजवत. दिलीपभाऊनं पान्याची गोटी बोटात घातली, ते लोखंडी नळी, नट खोलाची, अन् म्हने दे इकडे, अन् तारीवरून अशी घसरवली का गिटार रडाले लागली. मी इथून आयकलं. माहे हात शिवशिवले. गेली अन् ऑईलच्या रिकाम्या ड्रमवर बापाची चाल ठोकली, दुकानातला ड्रम मंगचा. झाला बँड. तुमाले वाटून राह्यलं काही गंमतीदार सांगन, तर नाई, क्लच गेला म्हनून झाला. नाव ठेवलं धुरा. धुरा म्हंजे वावराचा बांध.

आता तुमचं ते इन्फ्लुएन्स, कोनाचं आयकून शिकलो ते. प्रशांतनं तुमाले अमेरिकेतल्या गानाऱ्यांची नावं देलीच असन, तो सगळ्यायले देते. मले त्यानं मोबाईलवर आयकवलं होतं. एक बुढा गात होता, म्या विचारलं का रडून राह्यला तो, तर प्रशांत म्हने त्याची बायको गेली, ट्रक बिघडला, अन् माय वारली. म्या म्हनलं कोन्या तालुक्याचा हाय हा? दिलीपभाऊ हासून हासून जमिनीवर बसला. पन खरं सांगते, तो बुढा मले आवडला. तो ओळ म्हने अन् मांगची गिटार झेले. म्या म्हनलं हे तर आमचं रोवन्याचं काम झालं. मीच म्हनली, अन् तिथीच माही मती मारली गेली.

प्रशांत मांगं लागला, आत्याकडे ने. नेलं. आत्यानं आंगनात बसून त्याले गानं आयकवलं, वरून शिव्या बी देल्या, भात बी वाढला. ठरलं असं का मंडईत आत्या स्टेजवर बसन, ओळ ते उचलन, आमी तिघं झेलू. गॅरेजात तालीम केली तवा बी तिची जागा सोडूनच केली. गावात बातमी फिरली, भागरथाबाई माईकवर गाते म्हनून. आत्यानं नवी नऊवारी काढली.

मंडईचा दिवस, दुपार, अख्खं गाव समोर. प्रशांतनं आत्याले शाल पांघरली, नारळ देला, खुर्चीवर बसवलं. आमी चाल धरली. आता आत्याची सवय अशी का ते लगेच उचलत नाई. आंधी आभाळाकडे पाह्यते, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुकते, पदर खोचते, मंग. बांधीत आमी सगळ्या तेवढा वेळ थांबतो. ह्या शहाण्याले वाटलं बुढी विसरली. घाबरली. अन् त्यानं माईक वढला अन् सोता ओळ उचलली. तिच्या देखत! शाल पांघरून, नारळ देऊन! अजून काय राह्यलं होतं सांगा, फुलं तेवढी बाकी होती.

समोरच्या बायायनं मयतीत घेते तसा डोक्यावरून पदर घेतला. एकेक उठली. आत्या बी उठली, शाल खुर्चीवर ठेवली अन् माह्याकडे पाह्यलं. त्याच्याकडे नाई, माह्याकडे, त्याले आनलं मीच होतं. अन् गेली. प्रशांत म्हनते ताई, मी तर मदत केली. म्या त्याले स्टेजवरच शिव्या हासडल्या, सगळ्या गावानं आयकल्या.

खरी बरबादी पुढच्या रोवन्यात झाली. आत्यानं ओळ उचलली अन् कोनीच झेलली नाई. बायायचं मन वाईट नोहतं, त्या भेल्या. जिची उचल दुसऱ्यानं घेतली तिची ओळ झेलाची म्हंजे मेलेल्या मानसाले हाक देनं. आत्या चूप झाली. पुरा रोवना मुक्यानं झाला. मले फोनवर हे आत्याच्या सुनेनं सांगतलं, आत्या तर माह्याशी बोलेच ना. मी पंपावर होती, ट्रकवाल्यावर उगाच ओरडली, मंग संडासात जाऊन रडली.

प्रशांत म्हने आपन जाऊन माफी मागू. माफीनं काय होते? गावानं जे पाह्यलं ते गावालेच उलटं दाखवा लागन. म्या सांगतलं, येनाऱ्या मंडईत, त्याच स्टेजवर ते गानं वाजवाचं, अन् उचलीची जागा खाली, म्हंजे रिकामी, सोडाची. आमी फक्त झेलाचं. जागा खाली दिसली का गावाले समजन, जागा तिची हाय अन् ते जित्ती हाय. तो म्हने पब्लिकले वाटन आपन चुकलो. म्या म्हनलं वाटू दे, नाईतर तू गिटार घे अन् पुन्याले जा, तिथी तुले जंगलाचा आवाज म्हनाले लय लोक भेटन. दिलीपभाऊ मधात पडला म्हनून मारामारी झाली नाई. शेवटी प्रशांत तयार झाला, पन फुगून.

मंडई आली. आत्या जिलबीच्या दुकानापाशी उभी होती, तोंड फिरवून. आमी चाल धरली अन् उचलीच्या जागी तिघंही थांबलो. पोट्टे हासले, एक जन म्हने लाईट गेली वाटते. मंग आमी झेललं. परत जागा आली, परत थांबलो. तिसऱ्या खेपेले पोट्ट्यायचं हासनं बंद झालं, बाया आत्याकडे पाहाले लागल्या. आत्यानं ओळ उचलली नाई. पन ते निघून बी गेली नाई, जिलबी खात राह्यली.

अन् ह्या रोवन्याले मी सुट्टी टाकून गेली. न बोलावता, चिखलात उतरली, रांगेच्या शेवटी. आत्यानं आभाळाकडे पाह्यलं, खर्रा थुकला, पदर खोचला, अन् उचलली. जुनी ओळ नाई, नवीच.

माह्या भावाची लेक, ढोल वाजवते गं,
जित्त्या आत्याची तेरवी खाऊन जाते गं.

मंडईतली खाली जागा पाहून बायायचं भेव सरलं होतं, अन् बाकीच्या झेलते तवा रांगेतलीले झेला लागते, त्याले विलाज नाई. सगळ्या बायायनं झेललं, हासत, मोठ्या आवाजानं, अन् त्यायच्यासंगं म्या बी झेललं, माहीच शिवी माह्याच तोंडानं. डोळ्यातून पानी चालू होतं अन् हात चिखलानं भरलेले, पुसू कायनं. पूर्ण बांधी होईपर्यंत ते तेच उचलत राह्यली. बोलली नाई माह्याशी अजून बी, पऱ्हे दे एवढंच म्हनली.

प्रशांत म्हनते ह्या ओळीवर गानं करू. म्या म्हनलं हात लावून पाह्य. तुमी बी लिहून घेतली, मले दिसलं, घ्या, पन चालीवर म्हनाची नाई, तिची हाय ते. तिले लय दिवस देवो देव, तिचं तोंड असंच फाटकं राहो. आता ते मशीन बंद करा, गाडी आली.